केस सरळ करून मिळतील

३ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की डोक्याला काय लावलं, खाज किती आली, साल किती निघाली ते रोज लिहून ठेवा. रोज कोण लिहिणार? पार्लरच्या गेल्या वर्षीच्या डायऱ्या उरल्यात, त्यातली एक उचलली. वार चुकतात, चुकू देत.

तर टाळूवर दोन जखमा आणि उजव्या कानामागे एक. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षं लावताय हे?" म्हटलं, लग्नापासून. त्या म्हणाल्या, "आजपासून बंद. केस राहतील की नाही हे सोडा, आधी कातडी राहू दे." मी निघाले तेव्हा पुन्हा हाक मारली. "मुलगी आहे का तुम्हाला? तिला हे लावू नका."

मुलगी आहे. चिंगी, सहावीत. माझेच केस घेऊन आलीय, म्हणजे माझे खरे. नणंदेनं, म्हणजे ताईंनी, तिचंही "बारा पूर्ण झाली की करू" म्हणून ठरवून ठेवलंय. ते होणार नाही. माझ्या डोक्याचं व्हायचं ते होवो, चिंगीच्या डोक्याला त्या केस सरळ करायच्या क्रीमचं बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. सध्या इथे लिहून ठेवते. घरात बोलायची हिंमत अजून जमवायची आहे.

७ फेब्रुवारी

माझ्यापुरतं ताईंना सांगितलं. पार्लर उघडायच्या आधी, त्या वाट्या धूत होत्या तेव्हा. म्हणाल्या, "डॉक्टरांना काय जातंय सांगायला? त्यांचं पोट केसांवर नाही." मग नळ बंद करून म्हणाल्या, "अगं, तुझं डोकं ही आपली पाटी आहे."

खोटं नाही. दारावर पाटी आहे, केस सरळ करून मिळतील. तिच्याखाली फोटो, कमरेपर्यंत सरळसोट केसांचा. तो मी. पण पाठमोरी. इतकी वर्षं दारात टांगलेली आहे आणि बायका आत येऊन मलाच विचारतात, ती मॉडेल कोण हो?

आमच्या धंद्यात केस हा शब्द गाळायची पद्धत आहे. "आज तिघींना सरळ करायचंय," "त्या बँकेतल्या बाईंना गेल्याच महिन्यात सरळ केलं." ताईंचा विनोदही ठरलेला आहे. नवऱ्याला सरळ करता येत नाही म्हणून बायका माझ्याकडे येतात. दर गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच सुचल्यासारखा सांगतात. मलाही त्यांनीच सरळ केलं, लग्नाच्या आदल्या आठवड्यात. बघायला आल्या तेव्हा माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "मुलगी सरळ आहे, केस तेवढे वाकडे. ते मी बघते." आईला केवढं हायसं वाटलं होतं.

पहिल्या वेळी डोक्यावर निखारे ठेवल्यासारखं झालं. ताई सारख्या विचारत होत्या, "जळजळ होतेय का?" मी म्हणत होते, "नाही." सगळ्याच नाही म्हणतात. हो म्हटलं की लगेच धुवावं लागतं, आणि लगेच धुतलं की केस अर्धवट राहतात.

२ मार्च

मुळाशी नखभर नवे केस आलेत. हात लावला की खरखरीत लागतात. खाज कमी. साल अजून निघते.

हे म्हणाले, "ताई नाराज आहे." डोक्याला काय झालंय हे विचारलं नाही. मीही दाखवलं नाही. जखमा काय दाखवत सुटायचं? चिंगीला तर नाहीच, पोर घाबरेल. तिला सांगितलं, कंटाळा आला म्हणून सोडलं.

"म्हणजे परत कधी करणार?"

"बघू."

लहान होती तेव्हा सोफ्यावर माझ्या मागे चढून बसायची, माझे केस स्वतःच्या डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची आणि आरशात बघायची. मी तासभर मान मागे टाकून बसायचे. आता विचारते, "आई, तुझे केस कधी बरे होणार?"

१९ एप्रिल

ताईंनी मला मागच्या खोलीत टाकलंय. टॉवेल धुणं, क्रीम कालवणं, वाट्या घासणं. पुढे यायचंच झालं तर डोक्याला रुमाल. "गिऱ्हाईक बघतं गं," म्हणतात. समजा मिठाईवाल्याच्या घरी सगळ्यांना मधुमेह असला तर तो काय पाटी लावतो का? पण हे त्यांना म्हणाले नाही, इथेच म्हणते.

आरशात बघवत नाही हे मात्र खरं. वरून दोन बोटं फुगलेलं आणि खाली शेपट्या. जुने केस नव्याला जिथे जोडलेत तिथून पटापट तुटतात. ओले असताना मोठ्या दातांच्या कंगव्यानं, खालून वर, जीव मुठीत धरून विंचरायचे. रात्री बारीक वेण्या घालून झोपायचं म्हणजे सकाळी वरचे आणि खालचे जरा एका घरातले वाटतात. दुपारपर्यंत पुन्हा वाटण्या. एक ना धड भाराभर चिंध्या.

आज रुमाल सुटला. एक बाई खुर्चीत होत्या, माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. ताई हसून म्हणाल्या, "काय करणार, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही." बाई हसल्या, मीही हसले. म्हण बरोबरच आहे. सुंभ जाळला कोणी ते म्हणीत नाही.

१५ जून

शाळा सुरू. म्हणजे सकाळची कुस्ती सुरू. चिंगीला गुडघ्यात दाबून धरायचं आणि विंचरायचं. वर्गशिक्षिका गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या, केस नीट आवळून पाठवा, मागच्या मुलीला फळा दिसत नाही. आज दोन दात तुटले कंगव्याचे. "हळू ना," म्हणते. "हलू नकोस," मी म्हणते. "जंगल आहे नुसतं, कुठून उचललंस हे?" हे आपलं रोजचंच, तिलाही सवय आहे. डोळे पुसत जाते आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत विसरलेली असते.

ताईंनी मला काय काय ऐकवलं ते मात्र मी जन्मात विसरणार नाही.

११ जुलै

आज सुट्टी. न्हाऊन ओल्या केसांनी आरशासमोर निवांत बसले. जन्मभर दुसऱ्यांची डोकी पाहिली, स्वतःचं आज पाहिलं. मानेवर मोठ्या सैल लाटा. टाळूवर पेनातल्या स्प्रिंगसारखी घट्ट वेटोळी, ओढून सोडली की टुणकन परत जागेवर. कानांवर दोन्हीपैकी काहीच नाही, नुसता पिंजलेला कापूस. आणि कपाळावर एक बट उगाचच सरळ, ताईंनी हेर पेरून ठेवल्यासारखी. एका डोक्यावर चार बिऱ्हाडं आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. मानेला जेवढं तेल मानवतं तेवढं टाळूला पुरत नाही, टाळूला पुरेल एवढं लावलं की मान चिपचिपते. पण मला हसू आलं. एवढी माणसं इथे राहत होती आणि मला पत्ता नव्हता.

जखमा भरल्यात. कानामागे रुपयाएवढी जागा गुळगुळीत आहे, तिथे आता केस येणार नाहीत म्हणे.

चिंगीला हाक मारली. तिचं डोकं माझ्या डोक्याला लावून आरशात दाखवलं. "हे बघ, टाळूवर अगदी तुझ्यासारखे."

तिनं बराच वेळ पाहिलं. "तू माझ्यासारखी नको ना होऊस," म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

मला वाटलं होतं खूश होईल. या वयात मुलींच्या डोक्यात काय असतं देव जाणे. वाईट वाटलं, पण राग जास्त आला.

३० ऑगस्ट

घरात जळकट वास. बघते तर चिंगी केसांवरून कपड्यांची इस्त्री फिरवतेय. ओट्यावर टॉवेल, त्यावर डोकं आडवं, एका हातात इस्त्री. कानाला चटका बसलाच होता. हातातली इस्त्री हिसकावली, एक धपाटा घातला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती उलट म्हणाली, "तुला नको असले तर नको, मला हवेत."

तेवढ्यात ताईंचा फोन, टॉवेल किती वाळले म्हणून. माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "टॉवेल गेले खड्ड्यात. ही कार्टी माझं काही ऐकत नाही. आता तुम्हीच तिला सरळ करा."

"मी? करू म्हणतेस?"

"करा. माझ्याच्यानं होत नाही. परीक्षा संपली की पाठवते तुमच्याकडे चार दिवस."

ताईंचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. म्हणाल्या, "शहाणी आहेस." कित्येक महिन्यांत असं बोलल्या नव्हत्या. चला, माझ्यावरचा राग निवळला म्हणायचा. आत्याचा धाकही आहे तिला, दोन शब्द सांगतील तर ऐकेल.

२६ सप्टेंबर

चिंगी गुणी झालीय. न सांगता अभ्यासाला बसते. आत्याकडे जायची बॅग आत्ताच भरून ठेवलीय. धाकाचा उपयोग होतो तो असा.

१३ ऑक्टोबर

आज ती जुनी टोकं काढायची ठरवलं होतं. चिंगी आत्याकडून संध्याकाळी येणार, तोवर उरकायचं. ताईंच्या पार्लरमध्ये तर काढू देणार नाहीत, म्हणून रजा टाकून सरळ गल्लीतल्या पुरुषांच्या सलूनमध्ये गेले. न्हावी म्हणाला, "वहिनी, बायकांचे मी कापत नाही." म्हटलं, "बायकांचे नाहीत हे, औषधाच्या कारखान्याचे आहेत. काढा." त्यानं दोनदा विचारलं, मग काढले. जमिनीवर पडलेले केस किती सुंदर दिसत होते. लांब, काळेभोर, एकही वाकडा नाही. फोटोतले. मी पाय उचलून त्यांच्यावरून आले.

वाटेत मान गार पडत होती. मी चक्क गुणगुणत होते. मनाशी ठरवून टाकलं होतं की आज चिंगीला सगळं सांगायचं. जखमांचं, डॉक्टरीणबाईंचं, सगळं. कानामागची जागा दाखवायची. आणि उद्यापासून तिचेही असेच मोकळे ठेवायचे, शाळेत काय म्हणायचं ते म्हणोत.

जिन्यातच वास आला. पार्लरचा वास, सडक्या अंड्याचा आणि त्यावर शिंपडलेल्या अत्तराचा. वाटलं, माझ्याच कपड्यांना येतोय. मग आठवलं, आज मी पार्लरला गेलेच नव्हते.

चिंगी खोलीच्या मधोमध उभी होती. केस कमरेपर्यंत, फळ्यावर पट्टीनं ओढल्यासारखे. मान इकडून तिकडे हलवून बघत होती, ते हलतात का. माझी चाहूल लागल्यावर न वळताच म्हणाली, "आई, बघ. मी तुझ्यासारखी झाले."

मग वळली.

मला बघून तिचा चेहरा जो उतरला तो मी लिहू शकत नाही. "तू हे काय केलंस," म्हणाली आणि रडत बसली. मीही रडले. दोघी दोन कोपऱ्यांत.

हे म्हणाले, "मला काय माहीत? तूच ताईला सांगितलंस म्हणे."

१४ ऑक्टोबर

ताईंकडे गेले. चपला न काढता आत गेले. म्हटलं, कोणाला विचारून?

"तुला विचारून. फोनवर तू म्हणालीस, तिला सरळ करा. मी पुन्हा विचारलं, करू का. तू म्हणालीस, करा."

"वळण लावा म्हणत होते मी. चार शब्द सांगा म्हणत होते."

"आपल्याकडे सरळ करणं म्हणजे काय असतं ते तुला माहीत नाही? दिवसभर इथे काय करतेस?"

"डॉक्टरीणबाईंनी तिला लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

"हे तू मला कधी सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. हिंमत जमवत होते, ती जमवतच राहिले.

ताईंचा आवाज खाली आला. "पोरगी दीड महिना माझ्या मागे होती. आई म्हणालीय ना, आई म्हणालीय ना, करत. लावताना हूं की चूं केलं नाही तिनं. तुझ्यासारखीच सोशिक आहे."

त्यांना खरंच तसं वाटलं, की वाटून घेतलं, हे मी परत येताना पूर्ण रस्ताभर ठरवत होते. ध चा मा करायला आधी ध तर कोणीतरी म्हणावा लागतो. तो मी म्हटला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तरी वाटतं, केसानं गळा कापला. या म्हणीतही कापणाऱ्याचं नाव नाही.

२ नोव्हेंबर

दारातला फोटो बदलला. आता चिंगी आहे. पाठमोरी. चेहरा दिसत नाही, पण ती हसतेय हे मला तिच्या मानेवरून कळतं.

माझा फोटो टॉवेलांच्या कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. म्हणजे पाठमोऱ्या बाईला पाठमोरी केलीय. त्या हिशेबानं आता मी समोर बघत असायला हवी.

नवे केस छान आलेत असं गिऱ्हाइकं म्हणतात. एकीनं तर विचारलं, हे कुठे करून मिळतं?

१६ जानेवारी

चिंगीची मुळं दिसायला लागली. टाळूवर घट्ट वेटोळी, मानेवर लाट. शाळेत तिला 'दुमजली' म्हणतात. पुढच्या आठवड्यात वर्गाचा फोटो आहे. मी म्हटलं, राहू दे, वाढू दे, मीही असेच वाढवले. ती म्हणाली, "म्हणूनच नको. मी बघितलंय ते कसं दिसतं. तू नाही केलंस तर आत्या करेल."

हे म्हणाले, "एकदा सुरू केलं की अर्धवट ठेवता येत नाही गं."

ताई करणार म्हणजे घट्ट क्रीम, भरपूर वेळ. त्यापेक्षा माझा हात हलका. मी केलं तर मुळाला लागेल, कातडीला लागणार नाही. हे मी स्वतःला दिवसभर सांगितलं आणि संध्याकाळी पार्लरमधून वाटीभर क्रीम घेऊन आले.

न्हाणीघरात स्टूल ठेवलं. तिला बसवलं. कातडीला क्रीम लागू नये म्हणून कानाच्या कडेनं, कपाळाच्या कडेनं जेली लावली. हातमोजे घातले. भांग पाडत एकेक ओळ लावत गेले, कणभरही इकडेतिकडे नाही. पार्लरमध्ये असं काम मी कुणाचं केलेलं नाही. ती ताठ बसली होती, हात मांड्यांखाली दाबून.

विचारलं, "जळजळ होतेय का?"

"नाही."

स्वच्छ आवाजात म्हणाली. समोरच्या नळाच्या चकचकीत तोटीत तिचा चेहरा दिसत होता, एवढासा. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती, आवाज होऊ नये म्हणून.

हा 'नाही' मला ठाऊक आहे. तो माझाच आहे.

मी तिची मान धरून नळाखाली घातली. ती ओरडली, "अजून वेळ झाली नाही, आई, अजून झालं नाही." मी पाणी सोडत राहिले. तिनं माझ्या हाताला नखं मारली, स्टूल पडलं, हे दारावर थापा मारायला लागले. सगळं क्रीम जाईपर्यंत मी सोडली नाही. उरलेली वाटीही ओतून टाकली.

अर्धवट राहिलेत. वर ना सरळ ना कुरळे, पावसात भिजलेल्या सुतळीसारखे. जन्मात एवढी वाईट कोणी दिसली नसेल. "तू मला सरळ होऊच देणार नाहीस," म्हणाली आणि आतून कडी लावून घेतली.

ह्यांनी सगळं कळवल्यावर ताईंचा फोन आला होता. उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या. वाटी मात्र धुऊन परत पाठव म्हणाल्या.

१७ जानेवारी

शाळेला जायची वेळ झाली तेव्हा दार उघडलं. माझ्याशी बोलायची नाही हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. तरी आली आणि माझ्यापुढे पाठ करून जमिनीवर बसली. कंगवा मागे न बघता माझ्या हातात दिला.

टाळूवर दोन ठिकाणी लाल झालंय. जोडाशी गुंता. मी कंगवा लावला आणि ओढला, सवयीनं. तिचे खांदे वर गेले.

मी थांबले. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, "दुखतंय का?"

 

"हो," म्हणाली.

मी कंगवा खाली ठेवला आणि बोटांनी गुंता काढायला घेतला.